केदारकंठा: परभणीचे बहीण-भाऊ, पहिलाच बर्फाचा ट्रेक. झेपेल का?

गोदाकाठचा:
राम राम मंडळी. डिसेंबरअखेर मी अन् ताई केदारकंठ्याला जायचं म्हणायलोत. उत्तराखंडच्या गोविंद राष्ट्रीय उद्यानातलं शिखर, उंची ३,८०० मीटरच्या आसपास. आम्ही परभणीचे, आमच्याकडं चढ म्हणजे रेल्वेचा पूल. ताई ४१ वर्षांची, रोज चालते, पण गुडघा अधूनमधून कुरकुरतो. कपडे विकत घ्यावेत की तिथं भाड्यानं मिळतात?

पायपीट_जालना:
झेपेल, पण तारीख बदला. नाताळात तिथं जत्रा असते. आम्ही गेलो तेव्हा माथ्याखालच्या चढावर दर्शनाला लागावी तशी रांग. पहाटेच्या अंधारात रांगेत थांबलं की अंगातला घाम गार पडतो अन् हुडहुडी भरते. मार्चच्या सुरुवातीला जा. बर्फ असतोच, दिवसही मोठा.

सचखंड एक्सप्रेस परभणीहून थेट दिल्लीला नेते. पुढं डेहराडून, तिथून सांकरी, म्हणजे ट्रेक सुरू होतो ते गाव, २०० किलोमीटरच्या आसपास, पण घाटात आख्खा दिवस जातो. गाडी लागत असेल तर पुढची सीट धरा. धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी दिल्लीपर्यंत आरामात टिकते.

गोगाबाबा_रोज:
गुडघा चढताना नाही, उतरताना बोलतो. ताईंना दोन काठ्या घ्याच. कळसूबाई १,६४६ मीटर, अन् सांकरी गावच १,९०० च्या वर. म्हणजे आपलं सगळ्यात उंच शिखर संपतं त्याच्याही वरून तुमची सुरुवात! तेव्हा आतापासून रविवारी दौलताबादचा किल्ला: पाठीवर ५ किलो, माथ्याजवळच्या बारादरीपर्यंत वर अन् न थांबता खाली.

जाकीट, बुटाखालचे स्पाइक, गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीला बांधतात ते) सांकरीत भाड्यानं मिळतात. मोजे अन् थर्मल मात्र स्वतःचे. सुती बनियन नको, भिजलं की वाळत नाही. बूटही इथंच वापरून मऊ करा. मी कोरे करकरीत घालून गेलो, अंगठ्याचं नख काळं पडलं ते दोन महिन्यांनी गळालं.

गोदाकाठचा:
कृषी विद्यापीठात पारा ५ वर आलेला बघितलाय. त्याहून किती वाईट?

पायपीट_जालना:
आपली थंडी ऊन वर आलं की पळते. तिथं रात्री शून्याखाली जातं अन् बाटलीतलं पाणी गोठतं. बाटली उलटी ठेवून झोपायचं. बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, म्हणजे सकाळी तोंड मोकळं. फोन स्लीपिंग बॅगमध्ये, नाहीतर बॅटरी बसते अन् वर गेल्यावर समोरच्या स्वर्गारोहिणी शिखराचा एक फोटो निघत नाही. उंचीमुळं डोकं दुखलं, मळमळलं तर गाईडला लगेच सांगा. वाढायला लागलं तर खाली उतरणे, दुसरा इलाज नाही. आमच्यातल्या एकानं लाजेखातर लपवलं अन् सगळ्यांची रात्र गेली.

गोदाकाठचा:
मार्च ठरलं. ताई विचारायलीय, पाठीवर ५ किलो ज्वारी घेतली तर चालेल का?

गोगाबाबा_रोज:
चालेल की. पिशवीचं तोंड तेवढं नीट बांधा, दौलताबादला माकडं लई आहेत.