मदत हवी आहे - भाचीला फुटबॉल रेफ्री व्हायचंय, सुरुवात कुठून करायची?

नमस्कार मंडळी, माझी भाची कोल्हापूरला असते, कॉलेज संपत आलंय, शाळेपासून फुटबॉल खेळतेय आणि आता डोक्यात बसलंय की रेफ्रीच व्हायचं, तेही फिफाचा बॅज घेऊन. कारण अर्थातच स्टेफानी फ्रापार, 2022 च्या पुरुषांच्या वर्ल्डकपमधली कोस्टारिका-जर्मनी मॅच तिने घेतली ना, दोन्ही लाइनवर पण बायकाच होत्या, ती बघितल्यापासून हे चालू आहे. आणि आपल्याकडे गोव्याच्या उवेना फर्नांडिस आहेतच, आधी भारताकडून खेळल्या मग असिस्टंट रेफ्री म्हणून 2016 ला जॉर्डनला मुलींच्या अंडर-17 वर्ल्डकपला गेल्या, म्हणजे अगदीच हवेतलं स्वप्न नाहीये.

फिफाच्या आंतरराष्ट्रीय रेफ्रींच्या लिस्टसाठी नाव नॅशनल फेडरेशन पाठवतं आणि ते दरवर्षी नव्याने, एवढं कळलंय. पण त्याआधीचं सगळं धुकंच. विफाचा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, आपल्या राज्याची फुटबॉल संघटना) रेफ्रींचा बेसिक कोर्स नेमका कधी निघतो, फॉर्म जिल्हा असोसिएशनमार्फतच भरावा लागतो का? फिटनेस टेस्टचं काय, 40 मीटरचे सहा स्प्रिंट आणि मग 75 मीटर पळा 25 मीटर चाला असं तब्बल 40 वेळा, हे सुरुवातीलाच लागतं का नंतर? पोरगी रोज पहाटे पळतेय, शिट्टी पण घेऊन ठेवलीये 😄

आणि मुख्य म्हणजे पैसे. ताईचा पहिला प्रश्न तोच, मॅचमागे मिळतं किती आणि सोबत नोकरी करता येते का. कोणी रेफ्री असेल किंवा ओळखीत असेल तर प्लीज सांगा, मुलगी असेल तर फारच बरं, कोल्हापूरच्या मॅचला पब्लिक कसली असते माहितीये ना.