मदत हवी आहे: नॉयश्वानस्टाइनचे सगळे स्लॉट भरलेत, आईचे गुडघे दुखतात, काय करू?

मृद्गंध
पुढच्या आठवड्यात निघतोय, कृपया लवकर सांगा. म्युनिकहून जाऊन-येऊन नॉयश्वानस्टाइन ठरवलं होतं. आता साइटवर त्या दिवसाचा एकही स्लॉट दिसत नाहीये. टूर कंपनी म्हणते, "बाहेरून बघून घ्या." लेकीने पलंगाजवळच्या भिंतीवर त्या महालाचं चित्र चिकटवलंय, रोज झोपताना विचारते, त्यामुळे रद्द करणं शक्य नाही. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. तिथे जागेवर तिकीट मिळतं का? आणि वर कसं जायचं?

पायवाट
वार कोणता? मुलगी केवढी, बाबागाडी लागते का? रेल्वेने जाणार की गाडी घेणार? आईंना जिने चढता येतात की सपाट रस्त्यावरही त्रास होतो? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मृद्गंध
मंगळवार. मुलगी 4 वर्षांची, बाबागाडी आहे. रेल्वेने. आई कठड्याला धरून एक मजला चढते. आता तिकिटाचं सांगा ना कुणीतरी.

इसारकाठ
मिळू शकतं. उरलेली तिकिटं त्याच दिवशी खालच्या होएनश्वानगाऊ गावातल्या तिकीट केंद्रावर विकतात. पण सकाळी जितक्या लवकर पोचाल तितकं बरं. 18 वर्षांखालच्यांना पैसे पडत नाहीत, तरी मुलीचंही तिकीट घ्यावंच लागतं.

आत फक्त मार्गदर्शकाबरोबर सोडतात, साधारण अर्धा तास. वर महालाच्या चौकातल्या फलकावर तुमच्या गटाचा क्रमांक लागला की तिकीट दाखवून फिरत्या दारातून आत जायचं. वेळ चुकली तर तिकीट वाया. बाबागाडी आणि मोठी सॅक आत चालत नाही. आणि आईंचं नीट ऐका: आत 165 पायऱ्या चढायच्या आणि 181 उतरायच्या आहेत. मागून पुढचा गट येत असतो, त्यामुळे मध्ये टेकायला फारसं मिळत नाही.

काटकसर
बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्याचं रेल्वेचं एका दिवसाचं तिकीट) काढा, डोळे झाकून! एका तिकिटावर पाच जणांपर्यंत, दिवसभर प्रादेशिक गाड्या, रेल्वे जिथे सोडते त्या फ्युसेनहून पुढची बससुद्धा त्यातच.

इसारकाठ
मंगळवारी ते सकाळी 9 च्या आधी चालत नाही. म्युनिक ते फ्युसेन दोन तास, पुढे बस, म्हणजे केंद्रावर पोचेपर्यंत दुपार. ज्यांच्याकडे आधीच दुपारचा स्लॉट आहे त्यांच्यासाठी उत्तम, यांच्यासाठी नाही. यांनी साधं तिकीट काढून पहाटेची गाडी धरावी.

काटकसर
आम्हाला दुपारी मिळालं होतं. उगाच घाबरवू नका.

इसारकाठ
किती जण होतात? एक-दोन जागा सुटतात, अख्ख्या कुटुंबाला एकाच वेळी मिळणं वेगळं. चार वर्षांच्या पोरीला तिथवर नेऊन दारातून परत आणायचं का?

गडवेडा
माझं मत वेगळं आहे. नॉयश्वानस्टाइनचं बांधकाम सुरू झालं 1869 मध्ये. तिथे कधी लढाई नाही, वेढा नाही. तो बांधणारा बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा 1886 मध्ये वारला आणि काही आठवड्यांत महाल लोकांना तिकिटावर दाखवायला खुला झाला. खरा दुर्ग बघायचा असेल तर साल्झबर्गचा होएनसाल्झबर्ग बघा. 1077 मध्ये सुरू झालेला, थेट डोंगराच्या कड्यावर. आणि 1892 पासून वर जायला रुळांवरची केबलगाडी आहे, आईंना चढायला नको. बायर्न तिकीट साल्झबर्गपर्यंत चालतं.

पायवाट
केबलगाडीने वर पोचता, पण वर दगडी फरसबंदी आणि चढउतार आहेतच. तेही सांगा.

सह्यकडा
विषय निघालाच आहे म्हणून: लुडविगचे हे महाल आणि आपले 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत एकाच अधिवेशनात आले, जुलै 2025 मध्ये. त्यातले 11 महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. तिकडे बसची, लिफ्टची सोय करतात, आणि आपल्याकडे रोपवे म्हटलं की लोक भांडायला उठतात. रायगडाला रोपवे आहे म्हणूनच माझी आजी महाराजांच्या समाधीपाशी उभी राहू शकली. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

गडवेडा
रायगडाचं ठीक. पण प्रत्येक गडावर रोपवे केला तर गड राहणार नाही. वाट चढण्यातच गड कळतो.

सह्यकडा
ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना गड कळू नये का?

निळावंती
साल्झबर्गला गेलात तर ऑस्ट्रियासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, शेंगेन चालतो. पण पासपोर्ट हॉटेलात ठेवू नका, परतताना जर्मन पोलीस गाडीत तपासतात.

मृद्गंध
साल्झबर्ग नको. लेकीला हाच महाल हवाय. आईचं काय करू ते सांगा.

पायवाट
गावातून शटल बस मारियनब्रुक पुलाजवळ सोडते. भिंतीवरच्या चित्रात बहुधा दिसतं तेच दृश्य त्या पुलावरून समोर येतं. खाली खोल घळ, फळ्यांच्या फटींतून दिसते, मुलीचा हात सोडू नका. तिथून महाल पंधरा मिनिटं, पण तीव्र उतार. गुडघेदुखीला उतारच जास्त छळतो, आणि आत त्या 181 पायऱ्या. आईंना पुलापर्यंतच न्या. बर्फ पडला तर मात्र बस बंद असते.

घोडागाडीचा विचार असेल तर ती दारापर्यंत जात नाही, शेवटचा चढ पायीच.

मृद्गंध
आईला पटलं. ती पुलावरून बघणार, आम्ही तिघं आत जाऊ. पण तिला परतीची बस कुठून मिळेल? तो उतार उतरून खाली जायला लागणार का?

इसारकाठ
नाही, जिथे उतरलात त्याच थांब्यावरून बस खाली गावात जाते. परतीचं तिकीट जातानाच काढा. खाली आल्पझे तळ्याकाठी बाकं आहेत, सपाट रस्ता आहे, तिथे भेटायचं ठरवा. आणि आईंकडे एक चालू फोन असू द्या, आत तुमचा नंबर लागायला वेळ लागू शकतो.