याकोब हरला म्हणून पुढून पळणं चूक ठरत नाही

स्पाइकवाला:
'शेवटचे दोनशे' यांनी काल लिहिलं की २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या १५०० मीटर फायनलमध्ये नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसनने सोनं स्वतःच्या हाताने वाटून टाकलं. पुढून पळणारा म्हणजे दुसऱ्यांचा बिनपगारी पेसर (इतरांसाठी पुढे पळून वेग धरून देणारा), म्हणून आपल्या पोरांना एकच शिकवा, शेवटच्या लॅपची घंटा होईपर्यंत लपून राहा. पहिल्या वाक्यावर वाद घालता येईल. शेवटचं वाक्य मात्र मुलांना शिकवणाऱ्या माणसांनी वाचलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वेळा बघा. अमेरिकेचा हॉकर ३:२७.६५, ब्रिटनचा केर ३:२७.७९, अमेरिकेचा नुगुसे ३:२७.८०, याकोब ३:२८.२४. चौथा आलेला माणूस टोकियोतल्या स्वतःच्याच ऑलिंपिक विक्रमापेक्षा (३:२८.३२) जलद पळाला! पेसर नाही, वेव्हलाइट (ट्रॅकच्या कडेला वेग दाखवणारे दिवे) नाही, तरी ही शर्यत डायमंड लीग या पेसरवाल्या स्पर्धांच्या वेगाने झाली ती एका माणसामुळे. पॅरिसच्या आधी हॉकरची सर्वोत्तम वेळ ३:३०.५९ होती. तो एका दिवसात जवळपास तीन सेकंदांनी सुधारेल हे कुणालाच दिसलं नव्हतं. याकोबचा हिशोब साधा होता: ३:२८ च्या आत गेलो तर फार तर केर टिकेल.

आणि त्याच्याकडे दुसरा पर्याय कुठला होता? शेवटच्या शंभर मीटरमध्ये त्याच्यापेक्षा जलद माणसं आहेत हे २०२२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ओरेगॉनमध्ये ब्रिटनच्या वाइटमनने (३:२९.२३ विरुद्ध ३:२९.४७) आणि २०२३ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला बुडापेस्टमध्ये केरने (३:२९.३८ विरुद्ध ३:२९.६५) दाखवून दिलं होतं. असा माणूस वेग कमी ठेवून शेवटची वाट बघेल तर तो हरायलाच उभा राहिला म्हणायचं. वेग वाढवून इतरांच्या पायातली ताकद आधीच काढून घेणं हाच त्याचा मार्ग. चूक झाली ती पहिल्या लॅपमध्ये. ५५ च्या आत गेला, आणि ८०० मीटरला १:५१ च्या थोडं पुढे. तो लॅप फार जलद झाला हे नंतर त्याने स्वतःच सांगितलं. तोच लॅप ५६ चा काढला असता तर शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पाय असे जड झाले नसते. पुढून पळणं ही एक गोष्ट आणि पहिल्या लॅपचा अंदाज चुकणं ही दुसरी. तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरल्या.

शेवटचे दोनशे:
एवढं लिहिलंत आणि शेवटी मान्य केलंत की पहिला लॅप चुकला. मग मी वेगळं काय म्हणालो?

ओरेगॉनला पुढून पळाला, दुसरा. बुडापेस्टला पुढून पळाला, दुसरा. पॅरिसला पुढून पळाला, चौथा. तीन मोठ्या फायनलमध्ये एकच गोष्ट करायची आणि तीनदा शेवटच्या टप्प्यात कुणीतरी पुढे जायचं, याला डावपेच म्हणायचं का? मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पेसरच्या मागे ३:२६.७३ काढता येतात, कारण पुढची हवा दुसरा कापत असतो. फायनलमध्ये ती हवा याकोबने कापली आणि तिघांनी आरामात वापरली.

आपल्याकडचं उदाहरण हवं? जकार्ता २०१८, एशियाडची ८०० मीटर. सगळ्यांचं लक्ष जिन्सन जॉन्सनवर. मनजीत सिंग शेवटच्या सरळ पट्ट्यापर्यंत मागे होता, तिथून सुटला आणि १:४६.१५ मध्ये सोनं. जिन्सन १:४६.३५. ज्याने वाट बघितली त्याला मिळालं.

जुना ट्रॅक:
तुम्हा दोघांच्या आधीचं सांगतो. माँट्रियल १९७६, ८०० मीटर फायनल. श्रीराम सिंग पहिला लॅप पुढून पळाले, जवळपास ५१ सेकंद. क्यूबाचा हुआंतोरेना त्यांच्याबरोबर गेला आणि १:४३.५० चा विश्वविक्रम केला. त्या वेगाचं श्रेय त्याने श्रीराम सिंगांना दिलं होतं.

शेवटचे दोनशे:
आणि श्रीराम सिंग कितवे आले? सातवे. माझाच मुद्दा तुम्ही मांडलात, आभार.

जुना ट्रॅक:
सातवे आले, १:४५.७७ मध्ये. ती वेळ ४२ वर्षं भारताचा राष्ट्रीय विक्रम होती. २०१८ मध्ये जिन्सनने गुवाहाटीला १:४५.६५ काढले तेव्हा मोडली. श्रीराम सिंग त्या दिवशी लपून बसले असते तर कदाचित पाचवे आले असते, पण ती वेळ कधीच निघाली नसती. बेचाळीस वर्षं भारतातल्या प्रत्येक ८०० वाल्याने तो आकडा भिंतीवर लिहून सराव केला आहे. मीही केला आहे. क्रमांकाच्या पलीकडे बघताच येत नसेल तर बोलणं खुंटलं.

आतली लेन:
पॅरिसमध्ये हॉकर कुठून आला हे कुणी बोलतच नाहीये. आतून आला! सरळ पट्ट्याच्या तोंडाशी त्याने एकदा आतून घुसायचा प्रयत्न केला, याकोबने दार लावलं, हॉकरला पाय आवरावे लागले. मग याकोब बाहेरून येणाऱ्या केरकडे बघत किंचित उजवीकडे सरकला, आत जागा झाली आणि हॉकर पुन्हा घुसला. याकोबने दुसऱ्यांदाही रेषा धरली असती तर हॉकरला बाहेरून जावं लागलं असतं, आणि त्याच्या व केरच्या मधलं अंतर सगळं मिळून ०.१४ सेकंद म्हणजे मीटरभर. सोनं त्या एका मीटरवर ठरलं. पहिल्या लॅपवर एवढा काथ्याकूट कशाला?

आणि आतून जाणं हा जुगार आहे हे त्याच हॉकरने २०२५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला टोकियोत भोगलं. १५०० च्या सेमीफायनलमध्ये आत कोंडला गेला, धक्का देऊन बाहेर पडला आणि बाद झाला. पोरांना 'लपून राहा' शिकवणाऱ्यांनी हेही शिकवावं की लपलेला माणूस कोंडलाही जातो.

शेवटचे दोनशे:
बाद झाला, आणि त्याच टोकियोत ५००० मीटरचं सोनं जिंकला, तेही शेवटच्या लॅपच्या जोरावर. जोखीम सगळीकडेच असते. मागून पळणाऱ्याची जोखीम शेवटच्या दहा सेकंदांत असते. पुढून पळणाऱ्याची साडेतीन मिनिटं चालू असते.

बीडकर:
नॉर्वे-अमेरिकेचं पुरे करा, आपल्या अविनाश साबळेवर बोला. २०२२ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, ओरेगॉन, ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत पळायची शर्यत) फायनल. त्या स्पर्धेच्या इतिहासातली सगळ्यात संथ फायनल, मोरोक्कोचा एल बक्काली ८:२५.१३ मध्ये जिंकला. मधेच एक कॅमेरामन ट्रॅकवर उभा, त्याला वळसा घालून पळणारी माणसं! अविनाश अकरावा, ८:३१.७५. त्याच्या दीड महिना आधी त्याने रबातला ८:१२.४८ काढले होते. तीन आठवड्यांनी बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला ८:११.२० आणि रौप्य, सोनं ०.०५ ने हुकलं. मला ओरेगॉनची ती शर्यत आजही पचत नाही. एवढी ताकद अंगात असताना तो घोळक्यात का बसला? दुसऱ्या लॅपला निघून गेला असता तर निदान अकरावा आला नसता. स्पाइकवाला म्हणतात ते याकोबपेक्षा आपल्या पोराला जास्त लागू पडतं.

शेवटचे दोनशे:
निघून गेला असता तर एल बक्काली त्याच्या मागे चिकटून आला असता आणि शेवटच्या वॉटर जंपनंतर पुढे गेला असता. पदक तेव्हाही नव्हतंच.

बीडकर:
पदक नव्हतं हे मला कळतं. अकरावा आणि सहावा यात तुम्हाला फरक दिसत नाही का? आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या पोराने जगातल्या पहिल्या सहात येणं याची किंमत तुम्हाला कळायची नाही. बर्मिंगहॅमला सोनं जिंकणाऱ्या केनियाच्या किबिवोटच्या खांद्याला खांदा लावून त्याने शेवट केला. कॉमनवेल्थमध्ये इतकी वर्षं तिन्ही पदकं केनियाची असायची, ती साखळी त्याने तोडली. का? कारण ती शर्यत जलद झाली. जलद शर्यतीत तो राजा आहे.

माणदेशी:
बीडकर, भावना समजते, पण हांगझोऊ विसरू नका. २०२३ च्या एशियाडला अविनाश पुढून पळाला आणि ८:१९.५० मध्ये एकट्याने सोनं आणलं, तिथे त्याला पकडणारा कुणी नव्हता. पॅरिसला ऑलिंपिक फायनलमध्ये वेग जबरदस्त होता, आणि जलद शर्यतीत राजा म्हणता तो अकरावा आला, ८:१४.१८. म्हणजे जलद शर्यत झाली की आपला माणूस वर येतो असंही नाही. तिथे अमेरिकेच्या केनेथ रूक्सने शेवटच्या लॅपच्या सुरुवातीलाच सगळ्यांना मागे टाकलं आणि ८:०६.४१ मध्ये रौप्य नेलं. घंटेची वाट बघा म्हणणाऱ्यांना आणि पहिल्यापासून पळा म्हणणाऱ्यांना, दोघांनाही त्या माणसाने उत्तर दिलंय.

आमच्या मोहीच्या ललिता बाबरने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) ९:१९.७६ चा राष्ट्रीय विक्रम केला, फायनलला ती दहावी आली. हीटमध्येच जीव ओतावा लागतो, मग फायनलला डावपेच खेळायला अंगात उरतं काय? यावर कुणी बोलत नाही.

भरतीवाला:
डावपेच शिकवतो कोण, ते विचारा ना आधी! मी पोरांना पळवतो, नव्वद टक्के पोलिस भरतीची आहेत. १६०० मीटर, ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं की वीसपैकी वीस गुण. कितवा आलास याला शून्य किंमत, घड्याळ काय म्हणतं तेवढंच. त्यामुळे सगळ्या महाराष्ट्रात पोरं पहाटे उठून एकच शिकतात: सम वेगाने पळ, घड्याळ बघ, कुणाकडे लक्ष देऊ नको. यातलं एखादं पोर खरंच जलद निघतं, जिल्ह्याला १५०० ला उभं राहतं, आणि घोळक्यात कोपर लागलं की घाबरतं. कोंडलं की काय करायचं, वळणावर दुसऱ्या लेनमधून गेलं तर एका लॅपला सातेक मीटर जास्त पडतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

स्पाइकवाला:
भरतीचा आणि या विषयाचा काय संबंध?

भरतीवाला:
तुमच्यासारख्यांना नसेल. तुम्हाला सिंथेटिक ट्रॅक मिळाला असेल. आमच्याकडे दोनशे मीटरचं मुरमाचं मैदान, फक्कीने आखलेलं, निम्मं कबड्डीवाल्यांकडे. एका जिल्हास्तरीय स्पर्धेत माझ्या पोरीच्या १५०० ला पंचांनी लॅप मोजताना घोळ घातला आणि घंटा एक लॅप आधी वाजवली. ती बिचारी सगळं ओतून पळाली, रेषा ओलांडली, तर म्हणे अजून एक बाकी आहे. जी मागे रेंगाळली होती ती जिंकली. तक्रार केली तर 'पुढच्या वर्षी बघू'. त्या पोरीने स्पाइक्स परत नेऊन दिले आणि भरतीला लागली. आज नोकरीत आहे, चांगली आहे, पण पळत नाही. तुम्ही इथे ५५ का ५६ वर भांडा.

शेवटचे दोनशे:
भरतीवाल्यांचं पटतं. मी घंटेपर्यंत थांबा म्हणतो ते यासाठीच. घड्याळावर वाढलेलं पोर पुढे गेलं की फक्त घड्याळाशीच पळतं, मागे कोण आहे ते त्याला दिसत नाही. मागे बसलं तर निदान इतरांचे खांदे, श्वास, पाय वाचायला शिकतं.

भरतीवाला:
माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. मी लपून बसा असं म्हटलेलं नाही. दोन्ही शिकवा म्हणतोय, आणि शिकवायला मैदान द्या म्हणतोय.

बीडकर:
सहमत. अविनाशचंही तेच झालं. २०१८ ला भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनींचा १९८१ चा विक्रम मोडला, ८:२९.८०. त्यानंतर देशात त्याच्या बरोबरीचा कुणी उरलाच नाही. प्रत्येक राष्ट्रीय स्पर्धेत एकटाच पुढे, घड्याळाशी शर्यत. ओरेगॉनच्या घोळक्यात तो गोंधळला त्याचं मूळ इथे आहे. त्याला दोष देण्याआधी त्याला सोबत पळायला दुसरा कुणी मिळाला का ते बघा.

शेवटचे दोनशे:
आत्ता तर तुम्हीच दोष देत होतात की तो घोळक्यात का बसला!

बीडकर:
मी दुःख सांगत होतो. टीव्हीसमोर बसून 'पेसर', 'बिनपगारी' असले शब्द वापरणाऱ्यांना तो फरक कळणार नाही.

शेवटचे दोनशे:
मी राज्य स्पर्धेत ८०० पळलेलो आहे, टीव्हीसमोरचा म्हणू नका. पुढून पळून हरलोय, म्हणून बोलतो. माझ्या प्रशिक्षकांना पहिल्या लॅपचा आकडा हवा असायचा, मी तो द्यायचो आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात तिघे-चौघे पुढे जायचे. एकानेही कधी सांगितलं नाही की थांब, बघ, मग जा.

स्पाइकवाला:
हे आधी सांगितलं असतंत तर तुमचा राग कळला असता. पण तो राग याकोबवर का? तुमच्याकडून पुढून पळणं करवून घेतलं गेलं. त्याने ते निवडलं, आणि स्वतःच्या पायांचा हिशोब करून निवडलं.

पुढे राहूनही शर्यत हातात ठेवता येते. रिओ २०१६ ची १५०० मीटर फायनल, अमेरिकेचा सेंट्रोविट्झ जवळपास सगळी शर्यत पुढे होता आणि ३:५०.०० मध्ये जिंकला! वेग मुद्दाम पाडला, कुणालाही पुढे येऊ दिलं नाही, शेवटचा लॅप ५१ च्या आत. उलट टोकाला लंडन २०१२ चा केनियाचा रुडिशा, ८०० मीटर पहिल्या पावलापासून पुढे आणि १:४०.९१ चा विश्वविक्रम. दोघेही पुढूनच जिंकले. आपला शेवट जलद असेल तर वेग पाडा. आपला दम मोठा असेल तर वेग वाढवा. आपल्या पायांत काय आहे ते पोराला कळलं पाहिजे, आणि घंटेपर्यंत लपून राहिल्याने ते कळत नाही.

शेवटचे दोनशे:
सेंट्रोविट्झचा मुद्दा मान्य, तेवढाच. रुडिशा लाखात एक, त्याच्यावरून पोरांना शिकवू नये. आणि याकोब पॅरिसमध्ये चुकला हे तुम्ही अजून सरळ म्हणत नाही.

स्पाइकवाला:
पहिल्या लॅपला चुकला. चौथ्यांदा म्हणतोय.

आतली लेन:
आणि शेवटच्या पन्नास मीटरला आतली रेषा सोडली.

भरतीवाला:
जिल्हा स्पर्धा आल्यात. १५०० ला माझी तीन पोरं आहेत. एकाचा शेवट जलद आहे, दुसऱ्याला दम आहे, तिसऱ्याचं अजून काहीच कळत नाही. पहिल्या दोघांना काय सांगायचं ते मिळालं. तिसऱ्यासाठी कुणी काही सुचवेल का? मैदान दोनशे मीटरचं आहे हे धरून सांगा.

माणदेशी:
तिसऱ्याला दुसऱ्याच्या मागे ठेवा. वळणावर पुढे जायचं नाही, फक्त सरळ पट्ट्यात. आणि लॅप मोजायला आपला स्वतःचा माणूस रेषेवर उभा करा.