शाळेत समुपदेशक व्हायचंय: डिप्लोमा करू की एम.ए.?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी बी.एड. असून नऊ वर्षं साताऱ्यात मराठी शिकवते. मधल्या सुट्टीत मुलं व्याकरण सोडून घरचंच सांगत बसतात, म्हणून आता रीतसर शिकायचं ठरवलंय.

एनसीईआरटीचा मार्गदर्शन-समुपदेशन डिप्लोमा वर्षभराचा आहे: सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, मग तीन महिने इंटर्नशिप. आपल्याकडच्यांना वर्गांसाठी भोपाळ गाठावं लागतं. लेक दुसरीत आहे, तिथेच गाडी अडते. (सासूबाई म्हणतात, "जा गं, मी आहे.")

दुसरा पर्याय मानसशास्त्रात एम.ए., पण त्यात दोन वर्षं जाणार. सीबीएसई शाळांत मुलाखतीला नक्की काय बघतात? कुणी नोकरी सांभाळून डिप्लोमा केलाय का? रजा कशी मिळवलीत?