बरोबरीचा मानलेल्या प्राण्याला दयामरण देणे योग्य आहे का?

प्रश्न:
आमचा कुत्रा १४ वर्षांचा आहे. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली असून महिनाभर एक दिवसाआड सलाईन देऊनही रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा) उतरत नाही, उलट्या थांबत नाहीत, आणि डॉक्टरांनी आता दयामरणाचा विचार करण्यास सुचवले आहे. आम्ही त्याला नेहमी घरातले माणूसच मानले. माझे सासरे याच आजाराने गेले, तेव्हा त्यांच्या बाबतीत असा विचार आमच्या मनाला शिवलाही नव्हता. मग ज्याला त्यांच्या बरोबरीचा मानतो, त्याच्या मरणाचा दिवस ठरवण्याचा अधिकार आम्हाला कसा पोचतो?

प्रतिसाद १:
प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील तेराव्या कलमानुसार, ज्या प्राण्याला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल, त्याचे आयुष्य संपवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. माणसाबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक वर्षे निश्चेष्ट पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यासाठी केलेली दयामरणाची मागणी नाकारली, आणि २०१८ च्या निकालातही परवानगी उपचार थांबवण्यापुरतीच आहे, इंजेक्शन देऊन मृत्यू आणण्याची नाही. प्राणी हलक्या प्रतीचा म्हणून हा फरक आहे, असे मला वाटत नाही. माणूस आपली इच्छा आधी लिहून ठेवू शकतो. कुत्र्याची इच्छा आपल्यालाच त्याच्या अंगावरून वाचावी लागते.

प्रतिसाद २:
आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात आणि 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असे त्यांना सांगतात. आवतण पाहुण्याला देतात, त्यामुळे बरोबरीची ही भावना शेतकऱ्याला नवी नाही. तरीही आमचा म्हातारा बैल मागच्या पायांनी बसला, तेव्हा 'घरच्या माणसाला कोणी मारते का' असे म्हणून आम्ही त्याला अकरा दिवस तसेच ठेवले. कूस बदलत राहिलो, तरी जखमा पडल्या, त्यात अळ्या झाल्या. त्या अकरा दिवसांत आम्ही स्वतःच्या मनाला जपले, बैलाला नाही. ते मला अजून सलते.

प्रतिसाद ३:
मी पशुवैद्यक आहे. तुमच्या सासऱ्यांना वेदना होत असतानाही रविवारी नात भेटायला येणार हे ठाऊक असेल, आणि त्या आशेवर माणूस पुष्कळ सोसतो. कुत्र्याला रविवार नसतो. आजचे दुखणे त्याला सगळेच दुखणे असते. बरोबरी मानायची तर त्याच्या वेदनेला सासऱ्यांच्या वेदनेइतकेच वजन द्या, पण उपाय त्याच्या जातीला साजेसा करा. कॅलेंडरवर रोज खूण करा: तो आपणहून खातो का, उठतो का, तुम्ही दिसल्यावर शेपूट हलवतो का. वाईट दिवस चांगल्यांहून जास्त होऊ लागले, की थांबू नका. आधी गुंगीचे औषध देतात, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा, आणि काही मिनिटांत हृदय थांबते. डोळे उघडे राहतात, हे आधीच माहीत असलेले बरे. मात्र सेवेचा शीण आपल्याला आला म्हणून तर हा विचार करत नाही ना, हे स्वतःला विचारून घ्या.

प्रश्नकर्ती:
आभार. गेल्या आठवड्यातले दिवस आठवून खुणा केल्या; सातांपैकी पाच वाईट निघाले. डॉक्टरांना घरी येता येईल का, हे विचारले आहे, कारण दवाखान्याच्या दारातच तो थरथरू लागतो.