मदत हवी आहे: अमेरिकेत किनारी परवान्याचे सहा महिने कधीपासून मोजायचे?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आमच्या ग्राहकाला खाडीत छोटा धक्का बांधायचाय. काम खासगी, पण परवाना आर्मी कोअरचा (अमेरिकी लष्कराचा अभियांत्रिकी विभाग), म्हणजे केंद्राचा. त्यामुळे 1972 च्या किनारी क्षेत्र व्यवस्थापन कायद्याच्या कलम 307 प्रमाणे राज्याची सहमती लागते, आणि सहमती किंवा हरकत कळवायला राज्याला सहा महिने असतात. (केंद्राच्या स्वतःच्या कामांना असलेली 60 दिवसांची मुदत इथे लागू नाही, कृपया ती सांगू नका.)

सुसंगतता प्रमाणपत्र (काम राज्याच्या किनारी धोरणाला धरून आहे असं अर्जदाराचं लेखी निवेदन) आणि नकाशे कोअर आणि राज्य दोन्हीकडे एकाच दिवशी दिले, पोच आहे. राज्याचं 'माहिती अपुरी'चं पत्र आलं 41व्या दिवशी. नियमात तर 30 दिवसांत कळवायचं म्हटलंय. मागितलेला गाळाचा अहवाल लगेच पाठवला. राज्याच्या कार्यालयाला फोनवर विचारलं तर "घड्याळ आता सुरू झालं" एवढंच उत्तर.

मुदत थांबवण्याच्या कुठल्याही लेखी करारावर आम्ही सही केलेली नाही. वकील तूर्त परवडणारा नाही, आणि राज्याशी भांडण नकोच; एकदा हरकत आली की वाणिज्य मंत्र्यांकडे अपील, ते कोण करत बसणार!

अशी प्रकरणं हाताळलेल्यांनी सांगा: पत्र उशिरा आलं असेल तर सहा महिने पहिल्या पोचेपासून धरायचे की गाळाचा अहवाल पोचल्यापासून?