घरी जोडलेल्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरला पहिली वीज: सिरीज बल्ब की डिमरस्टॅट?

उद्यमनगरकर:
व्हॉल्व्हचा (काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांचा) नवा अॅम्प्लिफायर पहिल्यांदाच थेट २३० व्होल्टला लावू नये, याबद्दल दुमत नसावे. परंतु त्यासाठी डिमरस्टॅट (व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) घ्याच, हा कोल्हापुरातील हौशी मंडळींचा आग्रह मला पटत नाही. उद्यमनगरातील कोणत्याही रिवाइंडिंगच्या दुकानात सिरीज बोर्ड (बल्बमधून वीज देऊन तपासण्याचा बोर्ड) टांगलेला दिसेल, तो उगाच नव्हे. सर्व व्हॉल्व्ह काढून, १०० वॅटचा तारेचा बल्ब फेजमध्ये सिरीजला घालावा. तो क्षणभर उजळून जवळजवळ विझला, तर ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि फिल्टर कंडेन्सर यांत शॉर्ट नाही. लख्ख पेटून राहिला, तर वीज बंद करून दोष शोधावा. एलईडी बल्ब येथे निरुपयोगी आहे.

रंकाळावासी:
शॉर्ट कळण्यापुरता बल्ब ठीक, पुढे तो दिशाभूल करतो. दोन ईएल८४ (आउटपुट व्हॉल्व्ह) चा साधा स्टिरिओ अॅम्प्लिफायर ५०-६० वॅट सहज घेतो, त्यामुळे व्हॉल्व्ह बसवल्यावर बल्ब मधे असेपर्यंत हीटरला (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट मिळतच नाहीत आणि त्या अवस्थेतील मापांना काहीच अर्थ उरत नाही. शिवाय रात्री कारखाने थांबले की आमच्या गल्लीत मीटर २४५ दाखवतो. डिमरस्टॅटने नेमके २३० धरता येतात. बल्बाने ते कसे साधणार?

मंगळवार पेठ:
डिमरस्टॅटवर एवढी भिस्त ठेवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तो ऑटोट्रान्सफॉर्मर (एकाच वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर) असल्याने मेनपासून आपल्याला विलग करत नाही. आणि जीझेड३४ सारखा व्हॉल्व्ह रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) असेल, तर हीटर पुरेसा तापेपर्यंत एचटी (व्हॉल्व्हना लागणारे उच्च डीसी व्होल्टेज) फारशी येतच नाही, म्हणजे हळूहळू चढवण्याचा फायदा बराचसा वाया जातो. मात्र उद्यमनगरकरांच्या पद्धतीतही एक खोच आहे. व्हॉल्व्ह काढलेले असताना एचटीवर लोड नसतो, त्यामुळे २५०-०-२५० च्या वाइंडिंगवर डायोडमार्फत कंडेन्सर ३५३ व्होल्टपर्यंत चढतो. ३५० व्होल्टचे कंडेन्सर लावणाऱ्याने हा हिशोब करावा. ४५० चेच हवेत. वीज काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो, म्हणून ब्लीडर (चार्ज निचरून टाकणारा) रेझिस्टर असला तरी मीटरने खात्री केल्याशिवाय चॅसीत हात घालू नये.

उद्यमनगरकर:
४५० व्होल्टचा आग्रह रास्तच आहे. पण बल्बवर अंतिम मापे घ्यावीत, असे मी कोठेही म्हटलेले नाही. शॉर्ट नाही याची खात्री झाली की बल्ब काढायचा, स्पीकरच्या जागी पुरेशा वॅटचा ८ ओमचा रेझिस्टर लावायचा (आउटपुट ट्रान्सफॉर्मर लोडविना कधीही चालवू नये) आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडवरचे व्होल्टेज पाहायचे. ईएल८४ ला २५० व्होल्टवर १३५ ओमच्या कॅथोड रेझिस्टरवर सुमारे ७.३ व्होल्ट दिसले, म्हणजे प्लेट आणि स्क्रीन मिळून साधारण ५४ मिलिअँपिअर जात आहेत. २४५ असले, तर आकडे थोडे वर येतील, इतकेच. एवढ्यासाठी डिमरस्टॅटवर पैसे घालण्यापेक्षा मी चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर घेईन.

रंकाळावासी:
निगेटिव्ह फीडबॅकची (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे इनपुटकडे देण्याची) टोके उलट लागली असतील, तर काय कराल? अॅम्प्लिफायर ओरडू लागतो आणि ते पूर्ण व्होल्टेजला कळण्यापेक्षा डिमरस्टॅट चढवता चढवता, खालीच कळलेले मला परवडते.

मंगळवार पेठ:
फीडबॅकची वायर पहिल्या खेपेस सोडूनच ठेवावी. बाकीची मापे जुळली की ती जोडावी, आणि ओरडला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीची टोके अदलाबदल करावीत. त्यासाठी दोन्हीपैकी कशाचीच गरज पडत नाही.